‘कधीतरी या चहाला’

ताई,

अकरा वर्षं न्यू जर्सीत एडिसनला काढली. दोन्ही मुलं तिथलीच. गेल्या ऑगस्टमध्ये नवऱ्याच्या कंपनीनं बदली केली आणि आम्ही इंग्लंडात रेडिंगला आलो. मला वाटलं होतं, भाषा तीच, माणसंही तशीच, वर मुंबईचं विमान नऊ तासांचं. सोपं जाईल. सात महिने झालेत आणि मी रोज हरल्यासारखी झोपते.

शेजारच्या बाई दिसल्या की म्हणतात, ‘यू मस्ट कम राउंड फॉर टी समटाइम.’ अजून एकदाही बोलावलेलं नाही. आमची पार्सलं घेऊन ठेवतात, नाताळात आम्ही वेल्सला गेलो होतो तेव्हा आमचा कचऱ्याचा डबाही त्यांनीच आत आणला, पण उंबरठ्याच्या आत पाऊल नाही. ऑफिसात तीन आठवडे खपून एक अहवाल केला. मॅनेजर म्हणाले, ‘क्वाइट गुड’, आणि ‘तिसरं पान कदाचित पुन्हा बघावंसं वाटेल तुम्हाला’. मी हरखून गेले. पान होतं तसंच ठेवलं. नंतर ते बरेच दिवस तुटक वागले. पुढच्या कामाला ‘नॉट बॅड अॅट ऑल’ म्हणाले, तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

मुलगी नऊ वर्षांची आहे. एडिसनला वर्गात पहिला हात हिचा वर. इथं पालकसभेत बाई हसून म्हणाल्या, ‘शी इज व्हेरी कॉन्फिडन्ट.’ मी खूश. मग कळलं की मुलं तिला ‘शो-ऑफ’ म्हणतात. आता ती हातच वर करत नाही. चार वर्षांच्या धाकट्याला १०२ ताप होता, तर डॉक्टरांनी पॅरासिटामॉल द्या म्हणून परत पाठवलं. मी म्हणते परत जाऊ. नवरा म्हणतो तू फार विचार करतेस. रोज वाद. ही माणसं खोटी आहेत की मीच कुठं चुकतेय?

— एक वाचक, रेडिंग

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाईट वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की निम्मं उत्तर तुम्हीच लिहून पाठवलंय. त्याकडे येतेच. आधी एवढं सांगते, की ती माणसं खोटी नाहीत. अकरा वर्षांत तुमचे कान अमेरिकन झालेत आणि त्या कानांनी तुम्ही इंग्रजांचं बोलणं ऐकताय.

मी हाच प्रवास उलटा केलाय. लेस्टरला नऊ वर्षं राहून आम्ही ओहायोत कोलंबसला गेलो. ट्रकमधून सामान उतरत होतं तेवढ्यात समोरची बाई बनाना ब्रेड घेऊन आली, मला मिठी मारली आणि म्हणाली, आता आपण लवकर भेटायचं, अगदी नक्की. मी ते शब्दशः धरलं. पुढचे दोन शनिवार घर आवरून, पोह्यांची तयारी करून बसले. कोणी आलं नाही. दुकानात गल्ल्यावरची मुलगी ‘हाउ आर यू टुडे?’ विचारायची. त्या दिवसांत आईचं ऑपरेशन झालं होतं, मी एकदा खरंच सांगायला लागले, आणि पाहिलं तर तिची नजर पुढच्या गिऱ्हाइकावर गेली होती. वर्षभर मी घरी येऊन म्हणायची, सगळं तोंडदेखलं आहे, आत काही नाही. मग एका जानेवारीत नवऱ्याला हॉस्पिटलात ठेवावं लागलं. तीन आठवडे आमच्या दारातला बर्फ त्याच बाईच्या नवऱ्यानं उपसला. गल्लीतल्या घरांनी वार वाटून घेतले आणि रोज संध्याकाळी कोणाचं तरी जेवण दारात यायचं. आम्ही काय खातो, काय नाही, हे आधी विचारून.

‘नक्की भेटू’ हे त्या बाईचं आमंत्रण नव्हतंच. तू इथं राहायला आलीस याचं मला बरं वाटलं, एवढा त्याचा अर्थ, आणि तो शंभर टक्के खरा होता. मला तो ऐकू आला नाही, कारण इंग्लंडात नऊ वर्षं राहून मला कमी शब्दांत बोलणाऱ्यांची सवय झाली होती. मी अमेरिकनांवर जो ठपका ठेवला तोच आज तुम्ही इंग्रजांवर ठेवताय.

आता तुमच्या शेजारीणबाई. रस्त्यात ओळखीचं कोणी भेटलं, पाच मिनिटं बोलणं झालं, की निघताना आपण काय म्हणतो? ‘या हं एकदा घरी.’ समोरचा म्हणतो, ‘हो हो, नक्की.’ तारीख कोणीच विचारत नाही. घरी जाऊन कोणी पोहे भिजवत नाही. आणि त्याला खोटेपणाही म्हणत नाही, कारण आपल्या सगळ्यांना माहीत असतं की हे गप्पा गोडीत संपवायचं वाक्य आहे. दुसऱ्याच्या घरून निघताना आपण ‘जाते’ म्हणतच नाही, ‘येते’ म्हणतो, आणि परत बसायला येत नाही. ‘कधीतरी चहाला या’ हे इंग्रजांचं ‘येते हं’ आहे. इथलं खरं आमंत्रण वार आणि वेळ घेऊन येतं: येत्या शनिवारी तीन वाजता जमेल का? ‘समटाइम’ असं म्हटलं की समजावं, गप्पा संपल्या.

मग त्या वार घेऊन का येत नाहीत? माझा अनुभव असा, की साध्या इंग्रज माणसाला सगळ्यात जड काय जात असेल तर समोरच्याला अवघड जागी ठेवणं. मी बोलावलं आणि तुम्हाला यायचं नसेल, तर तुम्हाला नकार द्यावा लागेल, आणि तो त्रास तुम्हाला माझ्यामुळे होईल, असा तो हिशेब असतो. एडिसनकडच्या कितीतरी गल्ल्यांत घरासमोरचं लॉन थेट फुटपाथपर्यंत मोकळं पसरलेलं असतं, मधे काही नाही. इथं कमरेएवढी का होईना, भिंत नाहीतर झुडपांची हेज असतेच आणि मागच्या बागेला उंच लाकडी कुंपण. कुंपणाच्या आत न विचारता डोकवायचं नाही, हा त्यांच्या मते तुमचा मान आहे. त्या बाई तुमचा तो मान सात महिने राखतायत.

आणि कचऱ्याचा डबा! ते वाक्य तुम्ही तक्रारीच्या मधे घालून पुढे गेलात. गाडी येऊन गेल्यावर रिकामा डबा दोन-तीन दिवस रस्त्यावर उभा राहिला तर घरात कोणी नाही हे येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही कळतं. हे त्या बाईंच्या डोक्यात आलं, नाताळच्या थंडीत त्या उठून बाहेर आल्या, तुमचा डबा ओढून आत ठेवला आणि तुम्हाला त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. ओहायोतल्या बर्फाच्या जागी हे ठेवून बघा.

ऑफिसची गोष्ट यापेक्षा सोपी आहे, कारण तिथं निव्वळ शब्दांचं भाषांतर चुकलंय. अमेरिकेत ‘क्वाइट गुड’ म्हणजे फार छान. इंग्लंडात ‘क्वाइट’ हा शब्द ‘गुड’ची धार कमी करतो, बरं आहे, पण अजून हवं होतं. उलट ‘नॉट बॅड अॅट ऑल’ ही मनापासूनची शाबासकी. म्हणजे नाराजीला तुम्ही हरखलात आणि कौतुकाला रडलात. याचं मला फार वाईट वाटलं, कारण ते दुसरं काम तुम्ही खरंच चांगलं केलं होतंत आणि तो आनंद तुम्हाला मिळालाच नाही. तो आज घ्या.

डॉलर आणि पौंड एकास एक धरून चालत नाही, तसंच हे. अमेरिकेत ‘ऑसम’, ‘अमेझिंग’ रोज मुठीमुठीनं वाटतात, म्हणून तिथं नुसतं ‘गुड’ म्हटलं की पोटात गोळा येतो. इथं शब्द जपून खर्च करतात. आणि खरं सांगा, तुम्ही कोणत्या घरात वाढलात? माझी आजी जन्मात कोणाच्या स्वयंपाकाला ‘अप्रतिम’ म्हणाली नाही. ‘बरी झालीय हो आमटी’ म्हणाली की सून आठवडाभर खूश. ‘कसं काय?’ ‘चाललंय ठीक.’ हे ‘ठीक’ ऐकून आपल्याला कधी काळजी वाटली का? ‘नॉट टू बॅड’ म्हणजे तेच. इथले सहकारी सकाळी ‘यू ऑलराइट?’ म्हणतात त्यात तुमच्या चेहऱ्यावर काही दिसलंय असं नसतं. ते आपलं ‘काय, बरंय ना?’ आहे. ‘यॅह, यू?’ म्हणायचं आणि पुढं जायचं. हे सगळं तुमच्या कानांना लहानपणापासून येतं. अमेरिकेत ते मागे पडलं इतकंच.

‘कदाचित बघावंसं वाटेल’ म्हणजे ‘हे बदला’. ‘व्हेरी इंटरेस्टिंग’ म्हणजे बहुतेक वेळा ‘मला पटलेलं नाही’. ‘आय विल बेअर इट इन माइंड’ म्हणजे विषय संपला. ‘विथ रिस्पेक्ट’नं वाक्य सुरू झालं की पुढे विरोध येतोय हे धरून चाला. आता तुम्ही एक करा. मॅनेजरकडे जा आणि सरळ सांगा: मी अमेरिकेतून आलेय, तिथं सगळे मला काम स्पष्ट सांगायचे, तिसऱ्या पानाबद्दलचं तुमचं म्हणणं माझ्या लक्षात आलं नाही, ते मी आता दुरुस्त केलंय, यापुढे मला थेट सांगितलंत तर बरं. जाताना दुरुस्त केलेलं पान हातात असू द्या. अमेरिकेनं तुम्हाला हे तोंडावर बोलायचं धैर्य दिलंय, ते इथं येऊन टाकून देऊ नका. स्पष्ट बोलणारा माणूस समोर आला की कित्येक इंग्रजांना हायसं वाटतं. पहिलं पाऊल त्यांना टाकता येत नाही, एवढंच असतं.

आणखी एक बारीक गोष्ट, जी कुठल्याही करारात लिहिलेली नसते. ऑफिसात स्वतःसाठी चहा करायला उठलात तर आजूबाजूच्या चार-पाच जणांना विचारा. कोणाला दूध किती, साखर किती, हे लक्षात ठेवा. अमेरिकेत आपला कॉफीचा कप आपण भरून आणतो, त्यात वावगं काही नाही. इथं एकट्यानं आपलाच कप भरून आणणारा माणूस लोकांच्या लक्षात राहतो. पबमध्येही तसंच. एकेक जण सगळ्यांसाठी घेतो, त्याला राउंड म्हणतात. दारू पीत नसाल तर लाइम अँड सोडा घ्या, पण आपली पाळी आली की उठून सगळ्यांसाठी आणा. कोणी बोलून दाखवणार नाही, पण पाळी चुकवलेली विसरतही नाहीत.

मुलीच्या परिच्छेदापाशी मी बराच वेळ थांबले. मोठ्या माणसानं शब्द शिकून घेतले की भागतं, पण नऊ वर्षांच्या मुलीनं हात खाली घेतला की ती आत काय ठरवते ते आपल्याला दिसत नाही.

अमेरिकन शाळेत मूल पहिल्या वर्षापासून वर्गापुढे उभं राहून आपली आवडती वस्तू दाखवतं, त्याबद्दल बोलतं, आणि वर्ग टाळ्या वाजवतो. ‘मला हे चांगलं येतं’ असं म्हणणं तिथं गुण आहे. इंग्लंडात मुलं फार लवकर शिकतात की स्वतःबद्दल चांगलं दुसऱ्यानं बोलायचं असतं. ज्याला येतं तोही ‘आय अॅम ऑलराइट अॅट इट’ म्हणतो. त्यामुळे तुमच्या मुलीचं साधं, निष्पाप ‘आय अॅम रिअली गुड अॅट मॅथ’ असं काही त्या वर्गाला बढाई वाटलं असणार. वर ती ‘मॅथ’ म्हणत असेल, इथं ‘मॅथ्स’ म्हणतात. तिनं मैत्रिणीला ‘आय लाइक युअर पँट्स’ म्हटलं असेल तर वर्ग का हसला ते तिला कळलंही नसेल. इथं पँट्स म्हणजे आतली चड्डी. बाईंचं ‘व्हेरी कॉन्फिडन्ट’ही, तुमच्या आता लक्षात आलं असेल, पुरतं कौतुक नव्हतं.

या बाबतीत माझं मत ठाम आहे: मुलीला गप्प राहायला शिकवू नका. इंग्रजांचा संकोच मला आवडतो, पण मुलींच्या बाबतीत मी अमेरिकेच्या बाजूची आहे. माझी लेक लेस्टरला शाळेत होती तेव्हा येत असलेलं उत्तरही पुटपुटायची. कोलंबसला दोन वर्षांत मोकळी बोलायला लागली, आणि ते तिच्या आजपर्यंत कामी येतंय. तुमच्या मुलीला सांगा, की तुला दोन प्रकारचं इंग्रजी येतं आणि वर्गातल्या कित्येकांना एकच येतं. तिथल्या वर्गात आपण आपलं सांगायचो, इथं आधी मैत्रिणीला विचारायचं, मग आपलं सांगायचं. हात मात्र वर करायचाच. वर्गशिक्षिकेची वेगळी वेळ मागून घ्या आणि ‘शो-ऑफ’ हा शब्द त्यांच्या कानावर घाला, मुलगी गप्प झालीय हेही सांगा. हे तुम्ही उघडपणे सांगायला हवं, सूचक बोलून नाही. शाळेत नाटकाचा क्लब असेल तर तिचं नाव घाला. व्यासपीठावर इंग्रज मुलं जराही संकोचत नाहीत, आणि तिथं मोठ्यानं बोलणाऱ्या मुलीला कोणी नावं ठेवत नाही.

घरी तिला शिकवायला तुमच्याइतकी योग्य बाई दुसरी नाही. तुम्ही मराठी मुलखातल्या शाळेत जे इंग्रजी शिकलात ते इथलंच. ‘कलर’मध्ये यू, ‘सेंटर’च्या शेवटी आर-ई. ती यू अमेरिकेत गळाली त्यात नोआ वेबस्टर यांच्या १८२८ च्या शब्दकोशाचा मोठा हात आहे. तुमच्या कंपासपेटीत रबर होता, वाक्याच्या शेवटी फुलस्टॉप होता, शेवटचं अक्षर झेड होतं, तारखेत आधी दिवस मग महिना होता. घरात लिफ्ट, टॉर्च, पेट्रोल म्हणत होतात. कोथिंबीर कोरिअँडर होती, ती एडिसनला जाऊन सिलँट्रो झाली. ही सगळी पेटी उघडा आणि मुलीबरोबर बसून खेळासारखी लावा: अमेरिकेत काय, इथं काय, आणि आईच्या शाळेत काय. तिसरा रकाना दुसऱ्याशी किती जुळतो ते पाहून तिला गंमत वाटेल, आणि आपली आई या देशात अगदीच परकी नाही हेही कळेल.

तिला पाचवीत घातलं म्हणजे एक वर्ष पुढे ढकललं असं समजू नका. इथली ‘यर फाइव्ह’ म्हणजे तिथली चौथी. मोजायला सुरुवात एक वर्ष आधी होते. धाकट्याला चौथ्या वर्षी गणवेश चढवून रिसेप्शनमध्ये, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात, बसवलं त्याचंही कारण हेच. रेडिंगमध्ये केन्ड्रिक ही मुलींची ग्रामर स्कूल, म्हणजे परीक्षा घेऊन मुली निवडणारी शाळा आहे, आणि तिथल्या भारतीय घरांतून अकराव्या वर्षीच्या प्रवेशपरीक्षेचा विषय तुमच्या कानावर आला असेलच. सहावीत जाण्याआधीच्या उन्हाळ्यात नावनोंदणीकडे लक्ष ठेवावं लागतं, तारखा शाळेच्या संकेतस्थळावर बघा. पण या वर्षी मुलीचा हात आधी वर येऊ दे, मग परीक्षा.

डॉक्टरांबद्दल. अमेरिकेत मुलांचा वेगळा डॉक्टर, दर वर्षीची तपासणी, ताप आला की निदान काहीतरी लिहून हातात मिळणार, ही सवय झाली की इथं आपल्याला टाळलं असं वाटतं. इथं सगळ्या घराचा एकच जीपी, म्हणजे नेहमीचा डॉक्टर, आणि साध्या विषाणूच्या तापाला अँटिबायोटिक न देणं हे तो आपलं कर्तव्य मानतो. ते शास्त्राला धरूनच आहे. एवढं मात्र लक्षात असू द्या: ताप पाच दिवस टिकला तर पुन्हा जायचं, रात्री-अपरात्री शंका आली तर आरोग्यसल्ल्याच्या १११ ला फोन करायचा, आणि मूल मलूल पडलं, श्वास लागला किंवा काचेचा पेला दाबूनही न फिकट होणारं पुरळ दिसलं तर सरळ ९९९, म्हणजे रुग्णवाहिकेला. कानदुखीसारख्या काही ठरावीक दुखण्यांना २०२४ पासून इंग्लंडातला फार्मासिस्टच तपासून औषध देऊ शकतो, जीपीची वाट बघावी लागत नाही. मुलांच्या चिठ्ठीवरच्या औषधाला पैसे पडत नाहीत. मोठ्यांना प्रत्येक औषधामागे ठरावीक रक्कम, २०२४ मध्ये ती ९ पौंड ९० पेन्स झाली. हे कोणी आपल्यावर उपकार म्हणून करत नाही, तेव्हा मागताना संकोच नको: व्हिसा काढताना मोठ्या माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलामागे ७७६ पौंड आरोग्य अधिभार घेतला जातो.

तुम्ही ‘रोज हरल्यासारखी झोपते’ असं लिहिलंय. त्यात सगळा वाटा माणसांचा नाही. एडिसनपेक्षा रेडिंग खूप उत्तरेला आहे. तिथं वर्षातला सगळ्यात लहान दिवस सव्वानऊ तासांच्या आसपास असतो, इथं पावणेआठ-आठ तासांचा. तुम्ही ऑगस्टमध्ये आलात आणि तेव्हापासून दिवस रोज आखडत गेला; डिसेंबरात चार वाजता अंधार. पहिल्या हिवाळ्यात मीही अशीच मिटून गेले होते. आपल्या रंगाच्या लोकांनी वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करावा असं इथली आरोग्यसेवा सांगते. ते सुरू करा. आणि उजेड वाढूनही मन वर आलं नाही, तर बोलून उपचार घेण्यासाठी इंग्लंडात जीपीच्या चिठ्ठीशिवाय स्वतःहून नाव नोंदवता येतं. ते नोंदवा. नवऱ्याला हा परिच्छेद वाचायला द्या. ‘तू फार विचार करतेस’ हे म्हणायला सोपं आहे. त्यांनी संध्याकाळी अर्धा तास तुमच्याबरोबर चालायला यावं, आणि घरी कसं चाललंय हे तुम्हाला न विचारता आधी मुलीला विचारावं. परत जायचं की नाही हे जूनपर्यंत ठरवू नका. जूनमध्ये रात्री सव्वानऊला ऊन कलत असतं आणि हीच माणसं कुंपणावरून बोलायला लागतात.

दोन-तीन गोष्टी तारखेच्या आहेत म्हणून घाईनं सांगते. तुमचा अमेरिकन वाहन परवाना इथं बारा महिनेच चालतो आणि त्याची अदलाबदल होत नाही. आपल्या भारतातल्याचीही नाही. सात महिने संपलेत. लेखी परीक्षा लगेच द्या, कारण प्रत्यक्ष परीक्षेच्या तारखा लवकर मिळत नाहीत. ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर परवाना ऑटोमॅटिकचाच मिळतो. शाळा चालू असताना मुलांना सुट्टी घेऊन देशात न्यायचा विचार असेल, तर दहा शालेय आठवड्यांत पाच दिवस विनापरवानगी गैरहजेरी झाली की दंड लागू शकतो: २०२४ पासून प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला ८० पौंड, एकवीस दिवसांत भरला नाही तर १६०. म्हणजे तुम्हा दोघांना मिळून मुलीसाठी १६० पासून सुरुवात; धाकटा सक्तीच्या शालेय वयाचा होईपर्यंत त्याच्यासाठी दंड नाही. गणेश चतुर्थीचा एक दिवस धार्मिक सण म्हणून आधी लेखी मागता येतो, तो मागा. रेस्टॉरंटच्या बिलात साडेबारा टक्के सेवाशुल्क आधीच धरलेलं असेल तर वर आणखी टिप ठेवू नका. अमेरिकेत केंद्रीय कायद्यानं वेटरचं किमान वेतन १९९१ पासून तासाला २ डॉलर १३ सेंटवरच आहे, म्हणून तिथं टिप हाच पगार असतो, इथं तसं नाही. आणि न्यू जर्सीचा मिक्सर इथं लावू नका, तो १२० व्होल्टचा. आईकडचा मिक्सर आणा, प्लग बदलला की झालं.

मराठी माणसं हवीत. लंडनच्या डॉलिस हिलमध्ये १९३२ साली स्थापन झालेलं महाराष्ट्र मंडळ आहे, मुलांना घेऊन एखाद्या कार्यक्रमाला जाऊन या. पण त्याआधी शेजारचं दार.

या आठवड्यात एक साधं कार्ड आणा. त्यात लिहा, की नाताळात तुम्ही आमचा डबा आत घेतलात, पार्सलं सांभाळता, त्याबद्दल मनापासून आभार. अमुक शनिवारी दुपारी तीन ते पाच आमच्याकडे चहाला याल का? तारीख दहा-बारा दिवस पुढची ठेवा. ‘पाच’ लिहायला विसरू नका, केव्हा निघायचं हे माहीत असलेला इंग्रज पाहुणा निवांत बसतो. ‘जमत नसेल तर अगदी काही हरकत नाही’ हेही लिहा, आणि दार न वाजवता कार्ड पत्रपेटीतून आत सोडा. त्या दिवशी कांदेपोहे करा, मिरची बेतानं. चहा आपला, आलं घालून उकळलेला करा, पण शेजारी साधा चहा आणि वेगळं दूध ठेवा आणि त्यांना कोणता हवा ते विचारा. मुलीला त्यांच्याशेजारी बसवा. त्या हातात काहीतरी घेऊन येतील, तुमच्या बागेबद्दल विचारतील, हवेबद्दल बोलतील, पोहे ‘रादर नाइस’ आहेत म्हणतील. पाच वाजता त्या उठतील तेव्हा ‘थांबा ना अजून’ असा आग्रह एकदाच करा.

तुमची,
ताई